वैद्यकीय कोडिंग आणि कर्मचारी-व्यवस्थापन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

रुग्णाच्या आजाराचे, त्याच्यावर झालेल्या शस्त्रक्रियेचे किंवा त्याच्या मृत्यूच्या कारणाचे डॉक्टरांनी केलेले वर्णन वाचून त्याला मान्य वर्गीकरणातील योग्य तो संकेतांक देणे, या कामास वैद्यकीय कोडिंग म्हणतात. उदाहरणार्थ, जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहासाठी 'ई ११' हा संकेतांक आहे. गेल्या दोन दशकांत चेन्नई, हैदराबाद, पुणे, मुंबई यांसारख्या शहरांत अमेरिकेतील रुग्णालयांसाठी हे काम करणाऱ्या कंपन्या मोठ्या संख्येने उभ्या राहिल्या. जीवशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र, परिचर्या व भौतिकोपचार या शाखांचे आपले अनेक पदवीधर आज या व्यवसायात आहेत आणि त्यांतील काही जण अल्पावधीतच दहा-वीस कोडरांच्या गटाचे प्रमुख होतात.

या व्यवसायाकडे सामान्यतः संगणकयुगातील एक नवी नोकरी म्हणून पाहिले जाते. वास्तविक त्याचा इतिहास पावणेदोनशे वर्षांहून अधिक जुना आहे. रोगवर्गीकरणाच्या इतिहासावर बरेच लेखन झाले आहे. तथापि त्या लेखनाचा भर वर्गीकरण तयार करणाऱ्या विद्वानांवर आहे. प्रत्यक्ष टेबलाशी बसून हजारो कागदांवर क्रमांक घालणारे कारकून आणि त्यांच्यावर देखरेख करणारे अधिकारी या इतिहासात अभावानेच दिसतात. प्रस्तुत लेखात लंडन, अमेरिका आणि भारत येथील काही टप्प्यांच्या आधारे कोडिंग करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या व्यवस्थापनाचा विचार केला आहे. संकेतांकाची अचूकता केवळ वर्गीकरणाच्या पुस्तकावर किंवा कोडरच्या ज्ञानावर अवलंबून नसते. कोडरला शंका विचारण्याचा कितपत अधिकार आहे, त्याचे काम कोण आणि कशासाठी तपासतो, यांवर ती अधिक अवलंबून असते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

लंडनचे महानिबंधक कार्यालय :

१८३६ साली संमत झालेल्या कायद्यानुसार इंग्लंड व वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून मृत्यूंची नागरी नोंदणी सुरू झाली. गावोगावचे निबंधक मृत्यूची नोंद करीत व त्या नोंदींच्या प्रमाणित नकला दर तिमाहीस लंडनमधील सॉमरसेट हाऊस येथील महानिबंधक कार्यालयाकडे पाठवीत. तेथे कारकून त्या नोंदींची अनुक्रमणी करून मृत्यूच्या कारणांनुसार तक्ते तयार करीत. १८३९ साली विल्यम फार या डॉक्टरची या कामावर नियुक्ती झाली आणि १८८० पर्यंत म्हणजे सुमारे चाळीस वर्षे ते या कार्यालयात होते.

फार यांच्यापुढील पहिली अडचण शब्दांची होती. मृत्यूचे कारण अनेकदा मृताचे नातलग सांगत आणि निबंधक ते ऐकून लिहीत. 'म्हातारपण', 'आकडी', 'अंगावर सूज', 'ताप' अशा नोंदींचा ढीग कारकुनांसमोर येई. एकाच रोगाला प्रांताप्रांतांत तीन-चार नावे होती, तर एकाच नावाखाली निरनिराळे रोग लिहिले जात. भौतिक शास्त्रांत वजनमापांना जे स्थान आहे तेच रोगांच्या अभ्यासात परिभाषेला आहे, अशी भूमिका फार यांनी कार्यालयाच्या पहिल्याच वार्षिक अहवालात मांडली. त्यांनी केलेले रोगांचे वर्गीकरण प्रसिद्ध आहे. व्यवस्थापनाच्या दृष्टीने मात्र त्याबरोबर घडलेल्या दुसऱ्या तीन गोष्टी अधिक महत्त्वाच्या वाटतात.

पहिली गोष्ट अशी की, सुधारणा कारकुनाच्या टेबलावर न करता कागद जेथे जन्माला येतो तेथे करण्याचा प्रयत्न झाला. १८४२ ते १८७९ या काळात महानिबंधक असलेल्या जॉर्ज ग्रॅहॅम यांच्या कारकिर्दीत, १८४५ साली, देशातील वैद्यक व्यावसायिकांना मृत्युप्रमाणपत्रांची कोरी पुस्तके पाठविण्यात आली. १८७४ च्या कायद्याने उपचार करणाऱ्या डॉक्टरवर असे प्रमाणपत्र देण्याचे बंधन आले. दुसरी गोष्ट, कारणांचे वर्गीकरण स्थानिक निबंधकांवर न सोपविता एकाच कार्यालयात, एकाच देखरेखीखाली झाले. त्यामुळे चूक झाली तरी ती सर्वत्र सारखी होई आणि एका जिल्ह्याची दुसऱ्याशी तुलना करणे शक्य होई.

तिसरी गोष्ट फार यांच्या निवृत्तीनंतरची आहे. त्यांच्या जागी आलेल्या विल्यम ऑगल यांच्या काळात, १८८१ पासून, अस्पष्ट कारण लिहिणाऱ्या डॉक्टरांना कार्यालयाकडून गोपनीय चौकशीपत्रे जाऊ लागली. प्रमाणपत्रावर नुसते 'रक्तस्राव' असे लिहिले असेल तर तो कशामुळे झाला, 'पोटातील गाठ' असे लिहिले असेल तर ती कोणत्या अवयवाची, हे विचारल्याखेरीज त्या मृत्यूला योग्य जागा देता येत नाही. डॉक्टर आणि कारकून यांच्यातील सामाजिक अंतर लक्षात घेता ही पद्धत साधी नव्हती. आजवर डॉक्टरने लिहिलेले कारकुनाने मुकाट्याने उतरवून घ्यावे, अशी रीत होती. चौकशीपत्रामुळे कार्यालयाला 'हे पुरेसे नाही' असे सांगण्याचे औपचारिक साधन मिळाले. पत्र कारकुनाच्या नावाने नव्हे, तर कार्यालयाच्या वतीने जाई. म्हणजे कनिष्ठ कर्मचाऱ्याच्या शंकेमागे संस्थेचे वजन उभे राहिले.

या नोंदींचे मोल काय होते, याचे एक उदाहरण सर्वपरिचित आहे. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ आली तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी मृतांची माहिती महानिबंधक कार्यालयाकडून मिळविली आणि तिच्या आधारे घरोघरी चौकशी करून ब्रॉड स्ट्रीटवरील पंपापर्यंत साथीचा माग काढला. पटकीच्या मृत्यूंपुढे 'पटकी' असेच लिहिलेले होते, म्हणून ती यादी हाती आली. त्या जागी 'अतिसार' किंवा 'अशक्तपणा' असे शब्द असते तर ते मृत्यू इतर मृत्यूंच्या गर्दीत हरवले असते.

एक यादी, अनेक देश :

१८५३ साली ब्रुसेल्स येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेने मृत्युकारणांची सर्व देशांना लागू पडेल अशी यादी करण्याचे काम फार आणि जिनीव्हाचे मार्क देस्पीन यांच्याकडे सोपविले. १८५५ च्या पॅरिस परिषदेत दोघांनी दोन वेगवेगळ्या तत्त्वांवरील याद्या मांडल्या आणि परिषदेने तडजोड म्हणून १३९ शीर्षकांची यादी स्वीकारली. पुढे १८९३ साली शिकागो येथील आंतरराष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या अधिवेशनात पॅरिस शहराच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख जाक बर्तियाँ यांची यादी मान्य झाली. १९०० साली पॅरिसमध्ये तिच्या पहिल्या पुनरीक्षणासाठी २६ देशांचे प्रतिनिधी जमले. आजचे आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरण हे याच यादीचे वंशज होय.

बर्तियाँ यांच्या यादीत प्रत्येक शीर्षकाला क्रमांक होता. हर्मन हॉलरिथ यांच्या छिद्रपत्र यंत्राची एक आरंभीची चाचणी बाल्टिमोर शहराच्या मृत्युनोंदींवर झाली होती आणि १८९० च्या अमेरिकन जनगणनेत ते यंत्र यशस्वी ठरले होते. यंत्राला शब्द कळत नाहीत, क्रमांक कळतो. त्यामुळे रोगाच्या नावावरून क्रमांक ठरविणे आणि क्रमांकांची बेरीज करणे ही दोन कामे वेगळी झाली. बेरीज यंत्राकडे गेली, निर्णय मात्र माणसाकडे राहिला. कोडर हा स्वतंत्र कर्मचारी येथून स्पष्ट दिसू लागतो.

या निर्णयातील कठीण भाग म्हणजे एकाच प्रमाणपत्रावर दोन-तीन कारणे असतात तेव्हा कोणते धरावे, हा होय. अमेरिकेत १९१४ पासून यासाठी संयुक्त कारणांची एक मार्गदर्शिका वापरली जाई. अमुक रोगाबरोबर तमुक रोग लिहिला असल्यास कोणता ग्राह्य धरावा, हे तीत जोडीजोडीने दिलेले होते. या पद्धतीने एकसारखेपणा आला. परंतु डॉक्टरच्या मते मूळ कारण कोणते, हा प्रश्न मागे पडला. १९४८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नेतृत्वाखाली झालेल्या सहाव्या पुनरीक्षणाने ही दिशा बदलली. मृत्यूकडे नेणाऱ्या घटनाक्रमाचे मूळ कारण कोणते, हे डॉक्टरने प्रमाणपत्रावर क्रमाने लिहावे आणि कोडरने निवडीचे नियम त्या क्रमाला लावावेत, असे ठरले. डॉक्टरचा निर्णय आणि कोडरचा निर्णय यांच्या सीमा अशा रीतीने आखल्या गेल्या. याच पुनरीक्षणात मृत्यूबरोबर आजारांचाही समावेश झाला आणि वर्गीकरण रुग्णालयांच्या अभिलेख विभागात पोहोचण्याचा मार्ग मोकळा झाला.

अभिलेख विभागापासून देयकापर्यंत :

अमेरिकेतील रुग्णालयांत अभिलेखपाल हा व्यवसाय विसाव्या शतकाच्या आरंभी आकारास आला. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या ग्रंथपाल ग्रेस व्हाइटिंग मायर्स यांच्या पुढाकाराने १९२८ साली या व्यावसायिकांची संघटना स्थापन झाली. आज ती अमेरिकन हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंट असोसिएशन या नावाने ओळखली जाते. प्रारंभी या मंडळींचे काम संशोधनासाठी व उपचारांच्या गुणवत्तेसाठी रुग्णपत्रिका नीट लावून ठेवणे हे होते. संकेतांक बरोबर की चूक, याचा रुग्णालयाच्या तिजोरीशी फारसा संबंध नव्हता.

१९८३ साली ही परिस्थिती पालटली. येल विद्यापीठात रॉबर्ट फेटर व जॉन थॉम्पसन यांनी रुग्णांचे 'निदानसंबद्ध गट' पाडण्याची पद्धत विकसित केली होती. अमेरिकन सरकारच्या मेडिकेअर या ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या विमा योजनेने १ ऑक्टोबर १९८३ पासून रुग्णालयांना प्रत्यक्ष खर्चाऐवजी या गटानुसार ठरावीक रक्कम देण्यास सुरुवात केली. रुग्ण कोणत्या गटात पडेल हे मुख्य निदान, इतर निदाने आणि शस्त्रक्रिया यांच्या संकेतांकांवरून ठरे. परिणामी अभिलेख विभागाचा कर्मचारी एका दिवसात रुग्णालयाच्या उत्पन्नाशी जोडला गेला. मुख्य निदान आणि दुय्यम निदान यांचा क्रम बदलला तरी देयकाची रक्कम बदलू लागली.

असे होईल याची सूचना आधीच मिळाली होती. डोनाल्ड सिम्बोर्ग यांनी १९८१ मध्येच न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकात संकेतांक हळूहळू अधिक मोबदल्याच्या गटांकडे सरकतील, असा इशारा दिला होता. १९८८ साली त्याच नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने त्याला पुष्टी दिली. त्यात १९८४-८५ मधील २३९ रुग्णालयांतील ७,०५० रुग्णपत्रिकांचे फेरकोडिंग केले होते. २०.८ टक्के प्रकरणांत गट चुकीचा आढळला आणि या चुकांपैकी ६१.७ टक्के चुका रुग्णालयाच्या फायद्याच्या होत्या. चुका केवळ अज्ञानातून किंवा घाईतून होत असत्या तर त्या दोन्ही बाजूंना साधारण सारख्या पडल्या असत्या. येथे त्या एका बाजूला झुकल्या होत्या. या अभ्यासावरून प्रत्येक कोडर अप्रामाणिक होता, असा निष्कर्ष काढता येत नाही. मात्र ज्या व्यवस्थेत वरच्या रकमेचा संकेतांक कोणी प्रश्न न करता स्वीकारतो आणि खालच्या रकमेचा संकेतांक पुन्हा तपासायला परत येतो, त्या व्यवस्थेत प्रामाणिक माणसाच्या चुकाही एकाच दिशेने उरतात.

यावर जे उपाय योजले गेले त्यांत लंडनच्या चौकशीपत्राचे नवे रूप दिसते. अभिलेख अपुरा असल्यास कोडरने उपचार करणाऱ्या डॉक्टरला लेखी पृच्छा करावी, ही पद्धत रूढ झाली. २००१ साली उपरोक्त संघटनेने या पृच्छेविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. डॉक्टरला विशिष्ट उत्तराकडे ढकलणारा प्रश्न विचारू नये, हे त्यातील महत्त्वाचे सूत्र होते. 'रुग्णाला न्यूमोनिया होता असे लिहावे का?' आणि 'क्ष-किरण चित्रातील या बदलाचा आपल्या मते अर्थ काय?' या दोन प्रश्नांतील फरक भाषेपुरता नाही. पहिल्या प्रश्नात उत्तर आधीच दडलेले असते. लंडनच्या कार्यालयाला मृत्यूच्या कारणात आर्थिक स्वारस्य नव्हते, त्यामुळे तेथे ही काळजी घेण्याचे कारण नव्हते. अमेरिकेत प्रश्न विचारणाऱ्याचे हितसंबंध गुंतले आणि प्रश्नालाही नियम लावावे लागले.

भारतातील अनुभव :

ब्रिटिशकालीन भारतात मृत्युनोंदणी होती, पण ग्रामीण भागात ती वैद्यकीय शिक्षण नसलेल्या गावकामगारांकडे होती. त्यांच्या नोंदवहीतील 'ताप' हा रकाना सर्वांत मोठा असे. हिवताप, विषमज्वर, न्यूमोनिया असे अनेक रोग त्यात सामावले जात. या संदिग्धतेची किंमत साथीच्या वेळी कळते. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी रोगाला प्लेग हे नाव दिले. त्यानंतरही शहरातील नेहमीपेक्षा वाढलेले मृत्यू हे प्लेगखाली नोंदलेल्या मृत्यूंहून अधिक होते. म्हणजे अनेक प्लेगमृत्यू दुसऱ्याच नावाखाली गेले. येथे लंडनप्रमाणे परत प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. बहुसंख्य मृतांना डॉक्टरने पाहिलेलेच नव्हते, मग विचारणार कोणाला?

हा प्रश्न स्वातंत्र्यानंतरही संपला नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ मध्ये कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्राची तरतूद आहे. तरीही महानिबंधकांच्या अहवालानुसार २०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी २२.५ टक्के मृत्यूंचेच कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झाले होते. या अडचणीवर भारताने काढलेला एक मार्ग व्यवस्थापनाच्या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. भारताचे महानिबंधक आणि टोरोंटो येथील प्रभात झा व त्यांचे सहकारी यांनी या शतकाच्या आरंभी दशलक्ष मृत्यू अभ्यास हाती घेतला. नमुना नोंदणी पद्धतीतील कर्मचारी मृताच्या घरी जाऊन कुटुंबीयांकडून आजाराची हकीकत त्यांच्याच भाषेत लिहून घेत. ती हकीकत ती भाषा जाणणाऱ्या दोन डॉक्टरांकडे जाई. महाराष्ट्रातील हकीकत मराठी वाचणाऱ्या डॉक्टरांनी तपासावी, हे त्यात अभिप्रेत होते. दोघांनी एकमेकांच्या नकळत संकेतांक द्यायचा. मत जुळले नाही तर एकमेकांची कारणमीमांसा नाव न कळता वाचून फेरविचार करायचा. तरीही मतभेद राहिल्यास तिसऱ्या ज्येष्ठ डॉक्टरने निर्णय द्यायचा.

या रचनेत मतभेद हा दोष मानलेला नाही. तो निर्णयप्रक्रियेचाच भाग आहे आणि त्यासाठी वेळ व माणूस यांची तरतूद आधीच केलेली आहे. नावे गुप्त असल्यामुळे कनिष्ठाला वरिष्ठापुढे नमण्याचे कारण उरत नाही. या अभ्यासातून २०१० मध्ये हिवतापामुळे सत्तरीच्या आतील वर्षाला सुमारे २,०५,००० मृत्यू होतात, असा अंदाज निघाला. जागतिक आरोग्य संघटनेचा तेव्हाचा अंदाज सुमारे १५,००० होता आणि संघटनेने नव्या आकड्याबद्दल आक्षेप नोंदविला. कुटुंबीयांच्या सांगण्यावरून हिवताप आणि इतर ताप वेगळे करणे कितपत शक्य आहे, हा वाद योग्यच होता. सर्पदंशाच्या बाबतीत चित्र अधिक स्पष्ट झाले. २००५ या एका वर्षात सुमारे ४५,९०० मृत्यू सर्पदंशाने झाल्याचा अंदाज २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. सरकारी नोंदींतील आकडा त्याच्या अल्प अंशाइतकाच होता. शेतात, रुग्णालयाबाहेर झालेले हे मृत्यू कोणत्याच रकान्यात पोहोचले नव्हते.

आजचे कोडिंग पथक :

उपरोक्त इतिहासाच्या प्रकाशात आजच्या कोडिंग पथकाकडे पाहता काही बाबी लक्षात येतात. अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५ रोजी नवव्या आवृत्तीवरून दहाव्या आवृत्तीकडे स्थलांतर केले तेव्हा निदानाचे संकेतांक सुमारे १४,००० वरून सुमारे ६९,००० झाले. शरीराची डावी-उजवी बाजू, उपचारांचा टप्पा असे तपशील क्रमांकात आले. तपशील वाढले की अपुऱ्या नोंदीही वाढतात आणि म्हणून प्रश्न विचारण्याची गरजही वाढते. परंतु भारतातील कोडर आणि अमेरिकेतील डॉक्टर यांच्यामध्ये गटप्रमुख, कंपनीचा समन्वयक, रुग्णालयाचा अभिलेख विभाग असे अनेक दुवे असतात. पृच्छेचे उत्तर येईपर्यंत केस प्रलंबित राहते. रोजच्या केसेसचे लक्ष्य मात्र प्रलंबित राहत नाही. अशा वेळी अस्पष्ट नोंदीला 'अनिर्दिष्ट' संकेतांक देऊन पुढे जाणे हा सर्वांत सोपा मार्ग ठरतो. जुन्या नोंदवहीतील 'ताप' हा रकाना या रूपाने परत येतो.

या व्यवसायात पथकाचे मोजमाप दोन आकड्यांनी होते. पहिला म्हणजे दिवसाला किती केसेस, दुसरा म्हणजे तपासणीत किती टक्के अचूक. अचूकतेसाठी ९५ टक्के ही अपेक्षा सर्वत्र रूढ आहे. हे आकडे आवश्यक आहेत, पण १९८८ च्या अभ्यासाने दाखविल्याप्रमाणे चुकांच्या संख्येइतकीच त्यांची दिशाही महत्त्वाची असते. गटप्रमुखाने उरलेल्या पाच टक्के चुका कोणत्या बाजूला पडतात, हे महिन्याकाठी मांडून पाहिले तर व्यक्तीचे अज्ञान आणि व्यवस्थेचा कल यांतील भेद कळू शकतो. तसेच एकच केस दोघांना स्वतंत्रपणे देऊन मतभेदावर चर्चा करणे, पृच्छेत गेलेला वेळ कोडरच्या लक्ष्यातून वजा करणे आणि तपासणी करणाऱ्याचा मोबदला देयकाच्या रकमेशी न जोडणे, हे उपाय इतिहासाने पारखलेले आहेत. यांपैकी कशासाठीही नवे तंत्रज्ञान लागत नाही. अमेरिकेत मृत्यूच्या मूळ कारणाची निवड संगणकाद्वारे करण्यास १९६८ च्या नोंदींपासूनच प्रारंभ झाला. तरीही नियमात न बसणारी प्रकरणे माणसापुढेच आली. आज स्वयंचलित प्रणाली सरळ केसेस हाताळू लागल्या असताना कोडरकडे येणारे काम अधिकाधिक शंकास्पद केसेसचेच असणार, हे उघड आहे.

समारोप :

१८३७ पासूनच्या या वाटचालीत वर्गीकरणाची पुस्तके वारंवार बदलली. दहावी आवृत्ती जागतिक आरोग्य सभेने १९९० साली मान्य केली, अकरावी २०१९ साली स्वीकारली गेली आणि १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. पुस्तकाशी बसलेल्या माणसासमोरचा प्रश्न मात्र फारसा बदललेला नाही. समोरचा कागद पुरेसे सांगत नसेल तर काय करावे? लंडनच्या कार्यालयाने त्याला पत्र लिहिण्याची मुभा दिली. अमेरिकेला प्रश्नाच्या शब्दांवरही नियंत्रण आणावे लागले. भारतातील अभ्यासाने मतभेदालाच कार्यपद्धतीत स्थान दिले. या तिन्ही ठिकाणी कनिष्ठाच्या शंकेला संस्थेचे पाठबळ मिळाले, हे समान सूत्र दिसते.

आपल्या महाविद्यालयांतून या क्षेत्रात जाणाऱ्या विद्यार्थ्यांना शरीररचनाशास्त्र, वैद्यकीय परिभाषा व संकेतांकांचे नियम शिकविले जातात. ते आवश्यकच आहे. त्याबरोबर नोंद अपुरी आहे हे ओळखणे, तशी शंका लेखी व निःपक्षपाती शब्दांत मांडणे आणि पुढे गटप्रमुख झाल्यावर आपल्या सहकाऱ्याची शंका वेळेचा अपव्यय न मानणे, हेही शिकविले गेले पाहिजे. क्रमांकाच्या मागे एक रुग्ण असतो आणि त्याच्यासारख्या इतरांसाठी निधी, औषधे व मनुष्यबळ किती असावे, हे अशा असंख्य क्रमांकांच्या बेरजेवरून ठरते. सर्पदंशाने मेलेला शेतमजूर ज्या यादीत नाही, त्या यादीवरून त्याच्या तालुक्याच्या दवाखान्यात प्रतिविषाच्या किती कुप्या ठेवाव्यात, हे कधीच बरोबर ठरणार नाही.